हत्तीच्या डोळ्याचा पाट

मित्रांनो, ज्याच्यावर सगळे घर बसते आणि ज्याच्याकडे घरातले कोणीही धड बघत नाही, असा मी एक जुना पाट आहे. अस्सल सागाचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. कारण सध्या मी दाराआड उभा आहे, आणि दाराआड उभ्या असलेल्याला लोक खोक्याच्या फळीतच जमा करतात. माझी गोष्ट काही पराक्रमाची नाही. पाट काय पराक्रम करणार? पण माझी एक मैत्रीण होती. ती चित्रे काढायची. ती गेली, आणि तिच्या शेवटच्या चित्राविषयी खरे काय ते ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे. ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी कल्याणच्या खाडीकाठी, एका लाकडाच्या वखारीमागे धाकू सुताराने मला बनवले. माझ्या अंगात एका बाजूला एक काळी, गोल गाठ होती. धाकूने तिच्यावर पुष्कळ रंधा मारला, पण गाठ काही जाईना. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "राहू दे. बसनाऱ्याला थोडीच दिसनार हाय." मला त्याचा रागच आला. पण खोटे कशाला बोलू, त्याचे म्हणणे बरोबर होते.

त्या सुमारास डोंबिवलीच्या एका चाळीत नव्याने राहायला आलेले अण्णा पाट घ्यायला आले. मुंबईतल्या एका कचेरीत ते कारकून होते. माझ्याबरोबर माझे भाऊबंदही त्यांनी घेतले आणि घरी नेऊन ओळीने मांडले. त्यांच्या पत्नी विमलाबाई यांची नजर नेमकी माझ्या गाठीवर गेली.

"हा डागाचा कशाला आणलात?" त्या म्हणाल्या.

"बसायला आणलाय, बघायला नाही," अण्णा म्हणाले.

तेव्हापासून माझी जागा पंगतीच्या टोकाला, मोरीजवळ. पाहुण्यांना मी कधी मांडला गेलो नाही. त्या जागेवर अण्णांची मुलगी मंदाकिनी बसायची, कारण ती नेहमी सगळ्यांच्या मागून जेवायला यायची. तिला हाका मारून मारून विमलाबाईंचा घसा कोरडा पडायचा. आणि ही कुठे, तर अण्णांच्या कचेरीतल्या पाठकोऱ्या कागदांवर काहीतरी रेखाटत गॅलरीत बसलेली.

त्या वर्षीच्या नवरात्रात चाळीतल्या मुलींनी भोंडला मांडला. तुम्ही भोंडला पाहिला असेलच. पाटावर हत्ती काढून तो मधोमध ठेवतात, मुली हात धरून त्याच्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यात कोणती खिरापत आहे ते ओळखतात. चांगला पाट द्यायला कोणत्याच घरची आई तयार नव्हती. विमलाबाईंनी मला पुढे केले. "हा न्या. नाहीतरी डागाचाच आहे."

मंदाकिनीने मला मांडीवर घेतले आणि अंगठा माझ्या गाठीवरून फिरवला. मग ती शेजारच्या सुमतीला म्हणाली, "सुमे, याला डोळा आहे बघ. हत्ती आधीपासून आत बसलाय. आपण फक्त बाकीचा काढायचा."

तिने खडू पाण्यात बुडवला आणि त्या गाठीभोवती रेघ ओढायला सुरुवात केली. मित्रांनो, तोपर्यंत मी आंधळा होतो. माणसे मला त्यांच्या वजनावरून कळत. त्या दिवशी माझ्या गाठीचा डोळा झाला आणि त्या एका डोळ्याने मी जग पाहू लागलो. आढे पाहिले, मुलींच्या वेण्या पाहिल्या, माझ्यावर वाकलेला मंदाकिनीचा चेहरा पाहिला. एक गोष्ट मात्र मला कधीच दिसली नाही. आपला डोळा आपल्याच अंगावरचे कसे बघणार? तिने माझ्यावर काढलेला एकही हत्ती मी पाहिलेला नाही. खडूची थंडगार रेघ कुठून निघाली, कुठे वळली, कुठे थांबली, एवढेच मला कळत असे. ते मात्र मी विसरत नसे.

दर नवरात्रात डोळा तोच आणि हत्ती वेगळा. एका वर्षी त्याच्या पोटाखाली पिल्लू होते. एका वर्षी त्याने सोंडेत छत्री धरली होती, म्हणे. चाळीतल्या मुलींनी तर नवा रिवाजच पाडला. आधी हत्ती काय करतोय ते ओळखायचे, मगच खिरापत. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाकिनी मला आईच्या हाती द्यायची आणि विमलाबाई काथ्याने मला लख्ख घासायच्या. हत्ती पुसण्याचे काम त्यांचेच. सुमती हळहळायची, "एवढा छान काढतेस आणि पुसायला देतेस?" मंदाकिनी म्हणायची, "पुसला नाही तर पुढच्या वर्षीचा कुठे बसेल?"

पण मी काही फक्त नवरात्रापुरता तिचा नव्हतो. ती मला मांडीवर आडवा घ्यायची आणि माझ्यावर कागद लावून चित्रे काढायची. जेवणाच्या वेळी मी पाट आणि बाकीच्या वेळी तिचा फळा. यातून एकदा मोठाच घोटाळा झाला. माझ्यावर सांडलेला नारिंगी रंग ओला असतानाच घाईघाईत मी मांडला गेलो, आणि त्या दिवशी माझ्यावर नेमके अण्णा बसले. जेवले, कोट-टोपी चढवली आणि धोतराला मागे भलामोठा नारिंगी ठिपका घेऊन कचेरीत गेले. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा सगळे घर श्वास रोखून बसले होते. अण्णा टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "मंदे, यापुढे निदान धोतराच्या रंगाचाच रंग वापरत जा." त्या रात्रीच्या पंगतीत विमलाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

रविवारी मंदाकिनी मला काखेत मारून सुमतीबरोबर कोपर गावाच्या बाजूला, खाडीच्या अंगाला जायची. तिकडे भातशेते होती. शेतातली एक बाई कमरेवर हात ठेवून विचारायची, "पाट घेऊन कुठं चालल्याव गो पोरींनो? कोनाचं लगीन हाय?" आणि आपल्याच विनोदावर खूप हसायची. मंदाकिनीने तिचेही चित्र काढले. मग बांधावर बसून ती होड्या काढायची, बगळे काढायची. सुमती रंगाच्या पाण्याची वाटी धरून बसायची. सुमतीला चित्रातले काही कळत नसे आणि तसे ती सरळ सांगून टाकायची. "मला एवढंच कळतं की हे बघून मला तिथे जाऊन बसावंसं वाटतं," ती म्हणायची. मंदाकिनीला एवढे पुरायचे. दोघी बोलत बसत, आणि मी मंदाकिनीच्या मांडीवर पडून आकाश बघत असे. माझ्या आयुष्यातले सगळे सुख त्या बांधावर आहे.

मंदाकिनी मॅट्रिक झाली. ड्रॉइंगच्या परीक्षांत ती पहिल्या वर्गात आली होती, म्हणून तिचे मास्तर मुद्दाम घरी आले आणि मुलीला मुंबईच्या चित्रशाळेत घाला म्हणाले. विमलाबाईंनी चहा दिला आणि मास्तर गेल्यावर म्हणाल्या, "तिथे म्हणे माणसं समोर बसवून काढतात. परक्या पुरुषांना बघत बसणारी सून कोण करून घेणार?" अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हटले. त्या संध्याकाळी मंदाकिनीने माझ्यावर कागद लावला नाही. ती माझ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. माझ्या डोळ्यावर तिचे लुगडे होते, त्यामुळे मला काही दिसले नाही. पण तिचे अंग थरथरत होते ते मला कळले.

पुढे ती कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवू लागली. चाळीच्या गणपतीमागचा पडदा तीच रंगवायची. कोणाचे वडील वारले की जुन्या, पुसट फोटोवरून त्यांचे चित्र करून द्यायची. रुखवतात मांडायच्या फळांपासून दारावरच्या पाटीपर्यंत सगळ्यांना मंदाताई हवी असायची. लोक "वा" म्हणायचे आणि चित्र घेऊन जायचे. तिच्या स्वतःच्या घरात मात्र तिचे एकही चित्र भिंतीवर नव्हते. तिला ते खटकत नसे. मला खटकायचे.

मग वैशाखात सुमतीचे लग्न ठरले. सासर ठाण्याचे, नौपाड्यातले. म्हणजे काही फार लांब नाही. पण निघायच्या आदल्या दिवशी दोघी माझ्याशेजारी बसून अशा रडल्या, की कोणाला वाटावे हिला विलायतेला धाडताहेत.

"मंदा, माझ्यासाठी एक हत्ती न पुसता ठेव," सुमती म्हणाली. "एकच. पुढे तुला नवा पाट करून घेऊ."

"बरं. तुझ्यासाठी पक्का काढते," मंदाकिनी म्हणाली. "नवरात्रात माहेरी येशील तेव्हा पाटासकट घेऊन जा. तोपर्यंत कुणाला दाखवणार नाही. तूच आधी ओळखायचंस, काय करतोय ते."

शाळेच्या नाटकासाठी आणलेल्या तैलरंगाच्या उरलेल्या नळ्या तिने वापरल्या. श्रावणभर ती तो हत्ती रंगवत होती. काम झाले की माझ्यावर फडके बांधायची. खडू कसा, येतो आणि जातो. हा रंग जाड होता, चिकट होता, तो माझ्यावर बसून राहायचा. वाळल्यावर त्याच्या रेघा अंगावर उठून आल्या होत्या. डोळ्यापासून कपाळ, कपाळावरून सोंड, आणि सोंड पुढे न जाता पार मागे वळलेली. पाठीवर काहीतरी गोल, गाठ मारलेले. प्रत्येक रेघ मला पाठ झाली. फक्त शेपूट राहिले होते.

भाद्रपदात मंदाकिनीला कावीळ झाली. औषधे झाली, मुळ्या झाल्या, कोणी सांगितलेले सगळे झाले. मी कोपऱ्यात फडक्याखाली उभा होतो. घरातली कुजबुज ऐकू यायची, मग एके दिवशी कुजबुजही थांबली. नवरात्राच्या आधीच ती गेली. त्या वर्षी चाळीत भोंडला झाला नाही, आणि सुमतीही माहेरी आली नाही.

विमलाबाईंनी तिच्या वस्तू एकेक करून उचलल्या. मला उचलले, फडके सोडायला गेल्या आणि हात मागे घेतला. फडक्यासकट मला त्यांनी भिंतीकडे तोंड करून कपाटामागे ठेवून दिले. वर्षभर मी तिथे होतो. फडके विरळ होते. त्यातून मला भिंतीचा चुना दिसायचा, दुसरे काही नाही. पंगतीला आता अण्णा आणि विमलाबाई दोघेच. त्यांना माझी गरज नव्हती. ताटांचा आवाज यायचा, बोलण्याचा नाही. कोणी अंगावर बसले की मी पूर्वी कुरकुरायचो. आता वाटायचे, कोणीतरी येऊन धप्पकन बसावे.

पुढचे नवरात्र आले. विमलाबाईंनी ललिता पंचमीला मंदाकिनीच्या नावाने कुमारिका जेवायला घालायचे ठरवले. चाळीतल्या मुलींना बोलावले, आणि पाट कमी पडला. मग त्यांना माझी आठवण झाली. फडके सोडले. डोळ्यांत पाणी, चष्मा देवाजवळ राहिलेला, त्यांना माझ्यावर नुसते रंग दिसले. त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "हत्ती म्हणजे गजलक्ष्मी. तिच्यावर लेकराला कशी बसवू? मंदे, यंदाचा पुसायचा राहिलाच गं."

दरवर्षी पुसायला मिळायचा तसाच हाही आपल्यासाठीच ठेवला आहे, असे त्या माउलीला वाटले. सुमतीला दिलेला शब्द त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. पाण्याने रंग निघेना, तेव्हा त्यांनी रॉकेल घेतले, राख घेतली, काथ्या घेतला. उठून आलेल्या एकेका रेघेवरून त्यांचा हात जोर लावून फिरत होता, आणि त्या रडत होत्या. मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. मला ओरडता येत नाही. दुपारपर्यंत मी स्वच्छ झालो आणि समोरच्या बिऱ्हाडातली छोटी रतन माझ्यावर बसून खीर-पुरी जेवली.

मुली हात धुवायला गेल्या आणि सुमती आली. नवरात्रासाठी ती माहेरी आली होती. विमलाबाईंनी तिची ओटी भरली. मग ती हळूच म्हणाली, "काकू, मंदानं माझ्यासाठी एक पाट रंगवून ठेवला होता. हत्तीचा. तेवढा नेऊ का मी?"

विमलाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग सुमती माझ्याजवळ येऊन बसली. तिला रॉकेलचा वास आला असणार.

"तो ठेवायचा होता?" विमलाबाई म्हणाल्या. "अगं, ती दरवर्षी मलाच पुसायला द्यायची गं."

"काय करत होता हत्ती?" सुमतीने विचारले. "तेवढं तरी सांगा, काकू."

"मी बघितलंच नाही," विमलाबाई म्हणाल्या. "मला बघवेना."

सुमतीने माझ्या गाठीवर बोट ठेवले. "डोळा तेवढा राहिलाय," ती म्हणाली. मी वाट बघत होतो, की आता ही मला काखेत मारील. पण ती उठली. "राहू दे इथेच. आता नेऊन काय करू?" असे म्हणून ती निघून गेली, आणि दुसऱ्याच दिवशी ठाण्याला परतली. त्या दिवसाइतके एकटे मला कपाटामागेही वाटले नव्हते.

त्यानंतर विमलाबाईंनी मला भिंतीकडे तोंड करून ठेवले नाही. त्या येता-जाता माझ्याकडे बघायच्या. अष्टमीच्या दुपारी मुली दारात आल्या. "काकू, भोंडल्याला पाट द्या ना," रतन म्हणाली. "हत्ती आम्हीच काढू. आम्हाला येत नाही, पण काढू."

"थांबा. संध्याकाळी या," विमलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लोटून घेतले.

त्यांनी मला मांडीवर घेतले. आयुष्यभर ठिपक्यांची रांगोळी सोडून त्यांनी काही काढले नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि तळवा माझ्यावर ठेवला, घासताना ठेवायच्या तसा. बोट गाठीवर आले. तिथून ते हळूहळू वर गेले, कपाळापर्यंत. थांबले. मग वळले. ही तीच वाट होती. मंदाकिनीची रेघ जिथून गेली होती तिथूनच आईचे बोट चालले होते. डोळ्यांनी पाहिले नव्हते, पण रेघ न् रेघ घासून काढताना हाताने पाहिले होते, आणि हात विसरला नव्हता. सोंड मागे वळली. पाठीवरचे ते गोल आले, त्याची गाठही आली. मग त्यांनी खडू पाण्यात बुडवला आणि डोळे न उघडता तो त्याच वाटेने नेला. रेघ कापत होती, कुठे दोनदा गिरवली जात होती. शेपटाच्या जागी त्यांचा हात थांबला. तिथे हाताला काही सापडले नव्हते. सापडणार कसे? शेपूट झालेच नव्हते.

संध्याकाळी मुली जमल्या. आधी त्या खुसखुसल्या, कारण हत्ती बराच वेडावाकडा झाला असावा. मग रतन म्हणाली, "हा मागे बघतोय. पाठीवर गाठोडं आहे. सासरी निघालाय आणि वळून वळून बघतोय." कोणी हसले नाही. विमलाबाई पदराने डोळे टिपत उंबऱ्यावर बसून राहिल्या, आणि मुलींनी फेर धरला. काय करतोय ते मलाही तेव्हाच कळले.

दसरा झाल्यावर विमलाबाईंनी मला मंदाकिनीच्या लुगड्यात गुंडाळले आणि ठाण्याला घेऊन आल्या. सुमतीने दार उघडले. लुगड्याला थोडा खडू लागला होता, पण हत्ती शाबूत होता. सुमती पुष्कळ वेळ बघत राहिली.

"असाच होता?" तिने विचारले.

"देव जाणे, बाळ. हाताला आठवला तसा काढलाय."

सुमतीने त्यांच्या मांडीवर डोके ठेवले. शेपूट नसलेला तो हत्ती तिने पुसला नाही. खडू कधीतरी आपणच झडून गेला. पुढच्या नवरात्रात विमलाबाई पुन्हा आल्या, पुन्हा डोळे मिटून त्यांनी तोच काढला. त्याच्या पुढच्या वर्षीही आल्या. मग अण्णा पेन्शनीत निघाले आणि दोघे कोकणात गावी गेले. आता त्यांचा हात पार कापतो, असे सुमती सांगत होती.

यंदा नवरात्रात सुमतीने मला दाराआडून काढले, खडू ओला केला आणि तसाच खाली ठेवला. नवऱ्याला म्हणाली, "मला तो आठवतो, रेघ न् रेघ आठवते. पण खरा तसाच होता की काकूंच्या मनातला होता, कोण सांगणार? मंदाच्या नावानं चुकीचा काढला तर?" आणि मी पुन्हा दाराआड आलो. माझ्यावर आज काहीच नाही. एक डोळा आहे, आणि त्याला समोर दाराची फळी दिसते.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू धुवा, पुसा, खुशाल वापरा. वापरण्यासाठीच आमचा जन्म. पण ज्याने ती हाताळली ते माणूस गेले असेल, तर घासण्याआधी चष्मा लावून एकदा नीट बघा, आणि कोणाला काही सांगून ठेवले होते का, ते विचारा. यापलीकडे उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. माझे मात्र एक काम करा. मला बोलता येत नाही, तुम्हाला येते. कधी नौपाड्यात आलात, तर सुमतीला एवढे सांगा, की हत्ती तसाच होता. सोंड तशीच वळलेली होती, गाठोडे तिथेच होते. तिने बिनधास्त काढावा. शेपूटसुद्धा काढावे, ते तिच्यासाठीच राहिले आहे.